रेशनकार्डावर कोणती योजना मिळते? रंग, वर्ग, नाव आणि उत्पन्नाचा हिशोब

सेतू केंद्रावर कुठल्याही योजनेचा अर्ज भरायला गेलं की लवकरच प्रश्न येतो, "रेशनकार्ड कोणतं?" आपण सांगतो "केशरी", आणि पुढचा कागद मागितला जातो. हे उत्तर अर्धवट आहे. महाराष्ट्रातल्या रेशनकार्डात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात: कार्डाचा रंग, अन्नसुरक्षा कायद्याखालचा वर्ग, आत लिहिलेली नावं, आणि ऑनलाइन नोंद चालू आहे की बंद. कोणती योजना रंग बघते, कोणती वर्ग, कोणती फक्त नाव. काही योजना कार्डाकडे बघतसुद्धा नाहीत. हे आधी कळलं तर निम्मे हेलपाटे वाचतात.

आधी स्वतःचं कार्ड नीट वाचा

पिवळं, केशरी आणि पांढरं ही तिरंगी पद्धत राज्यात १ मे १९९९ पासून आहे. तेव्हा ठरलेली उत्पन्नमर्यादा अशी: वार्षिक १५ हजारांपर्यंत पिवळं, त्यापुढे १ लाखापर्यंत केशरी, १ लाख किंवा जास्त असेल तर पांढरं. केशरीसाठी आणखी दोन अटी होत्या. घरात टॅक्सी सोडून चारचाकी नको, आणि कुटुंबाची मिळून ४ हेक्टर किंवा त्याहून जास्त बागायती जमीन नको. पंचवीस वर्षांत रुपयाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, हे आकडे मात्र तसेच राहिले.

मग राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि रंगांवर वर्गांची दुसरी पद्धत बसली. या पद्धतीत तीन वर्ग आहेत.

अंत्योदय: कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य, माणसं कितीही असोत. शिवाय २० रुपये दराने एक किलो साखर, आणि वर्षाला एक साडी.

प्राधान्य कुटुंब: माणशी ५ किलो. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वार्षिक ४४ हजार, शहरी भागात ५९ हजार.

बिगर-प्राधान्य: कायद्याखालचं धान्य नाही. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी दरमहा १७० रुपये थेट खात्यात देण्याची योजना आहे. ती वेगळी समजावी.

रंग आणि वर्ग जुळतीलच असं नाही, आणि घोळ होतो तो इथेच. केशरी कार्ड प्राधान्य वर्गातलं असू शकतं आणि बिगर-प्राधान्यही असू शकतं. शेजाऱ्याचं कार्ड केशरी, तुमचंही केशरी. त्याला धान्य मिळतं, तुम्हाला नाही. यात दुकानदाराने काही केलेलं असेलच असं नाही, दोघांचे वर्ग वेगळे आहेत एवढंच. जुन्या कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' किंवा 'अंत्योदय' असा शिक्का असतो. शिक्का पुसट झाला असेल तर पुरवठा विभागाच्या आरसीएमएस (रेशनकार्डांच्या ऑनलाइन नोंदीच्या) पोर्टलवर बारा अंकी कार्ड नंबर टाकून किंवा 'मेरा रेशन' अ‍ॅपमध्ये वर्ग बघता येतो. रास्त भाव दुकानातल्या पॉस मशीनवरही तो दिसतो. बारा अंकी नंबरच नसेल, तर कार्ड ऑनलाइन झालेलं नाही असं समजा आणि बाकी सगळं सोडून आधी तहसीलची पुरवठा शाखा गाठा. मुंबई-ठाण्यात हेच काम शिधावाटप कार्यालयात होतं.

अंत्योदय सर्वांत गरिबांसाठी असल्याने तेच सर्वांत फायद्याचं, असा समज आहे. धान्यापुरता तो सात माणसांपर्यंतच खरा. घरात नऊ जण असतील तर प्राधान्य वर्गात ४५ किलो मिळालं असतं, अंत्योदयात ३५ वरच थांबतं. तरी मोठ्या कुटुंबाने अंत्योदय सोडून वर्ग बदलायला जाऊ नये. पुढे बघा, या वर्गावर दुसऱ्या योजनाही अडकलेल्या असतात.

वर्ग बघणाऱ्या योजना

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचं नातं तर थेट अन्नसुरक्षा कायद्याशी आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना रोख मदत देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये, दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६ हजार. पात्रता दाखवायला बऱ्याच कागदांपैकी कोणताही एक चालतो: अन्नसुरक्षा कायद्याखालचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड (मोफत उपचारांच्या केंद्राच्या योजनेचं), अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, किसान सन्मान निधीची लाभार्थी असल्याचा पुरावा, किंवा ८ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. म्हणजे कार्ड केशरी बिगर-प्राधान्य असलं तरी वाट बंद होत नाही, दुसरा कागद पुढे करा. "रेशनवर धान्य मिळत नाही, म्हणजे मातृवंदनाही मिळणार नाही" असं ठरवून गप्प बसणाऱ्या घरांचं हकनाक नुकसान होतं. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडून होतो.

उज्ज्वला गॅस जोडणीत अंत्योदय कुटुंबातली प्रौढ महिला ठरलेल्या पात्र गटांपैकी एका गटात थेट बसते. घरात आधी कुणाच्या नावावर जोडणी नसावी, ही मुख्य अट. कुटुंबात कोण कोण आहे ते रेशनकार्डावरून बघतात. कामासाठी बाहेरगावी राहणाऱ्या कुटुंबाला पत्त्यासाठी आणि कुटुंबाच्या माहितीसाठी स्वयंघोषणापत्र देता येतं.

आयुष्मान कार्डासाठी सुरुवातीला २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची यादीच धरत. नंतर राज्यातले अन्नसुरक्षा लाभार्थीही तीत आले. हे कार्ड कुटुंबाला एक नसून माणशी एक असतं आणि प्रत्येकाची आधार पडताळणी वेगळी होते. ज्याचं नाव रेशनकार्डात नाही, त्याचं नाव तिथल्या कुटुंबाच्या यादीतही उमटत नाही. सत्तरीपुढच्या माणसांना मात्र ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, त्यांना आधारवरचं वय पुरतं.

रंग बघणाऱ्या योजना

लेक लाडकी योजना पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबांसाठी आहे. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मावर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. प्राधान्य की बिगर-प्राधान्य हा प्रश्न इथे येत नाही. पण रंगासोबत तहसीलदारांचा १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखलाही लागतो. कार्ड केशरी आणि दाखला दीड लाखाचा असेल तर अर्ज तिथेच अडतो.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने रंगाचा वापर वेगळा केला. तिथे उत्पन्नमर्यादा अडीच लाख, पण पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला माफ. पांढरं कार्ड असेल किंवा कार्डच नसेल तर दाखला हवा. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या सुनेचं नाव सासरच्या कार्डात चढलं नसेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रासोबत नवऱ्याचं कार्ड चालेल अशी सवलतही नंतर दिली गेली. नवी नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली, पण ज्यांना लाभ चालू आहे त्यांना कार्डाचा विषय अजून संपलेला नाही. एका कुटुंबात एक विवाहित आणि एक अविवाहित एवढ्याच महिलांना लाभ मिळतो, आणि कुटुंब कोणतं हे रेशनकार्डावरून ठरवतात. एका कार्डावर दोन जावा असतील तर हीच अट आडवी येते.

मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतही तसंच. वर्षाला तीन सिलिंडर भरून मोफत मिळतात, पण उज्ज्वला किंवा लाडकी बहीण यांपैकी एका योजनेत नाव हवं, गॅस जोडणी महिलेच्या नावावर हवी, आणि एका रेशनकार्डामागे लाभार्थी एकच. जोडणी सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी गॅस एजन्सीकडे जाऊन ती घरातल्या बाईच्या नावावर करून घ्यावी लागते.

नुसतं कार्ड असलं तरी पुरे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी पिवळं-केशरी बघत, आणि विमा कुटुंबाला दीड लाखाचा होता. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कवच ५ लाखांचं झालं आणि पांढरं कार्डही आत आलं. तरी पांढऱ्या कार्डवाले अजून "आमचं त्यात बसत नाही" म्हणत पदरचे पैसे भरताना दिसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होतानाच तिथे रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र द्यायचं. बिल झाल्यावर गेलात तर उपयोग नाही. रुग्णालय योजनेत आहे का, उपचार यादीत आहे का, हे १५५३८८ या क्रमांकावर आधी विचारून घ्या.

जिथे कार्ड दाखवून काम होत नाही

संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन या योजनांत पिवळं कार्ड दाखवलं की काम होईल अशी समजूत सगळीकडे आहे. तिथे दोनपैकी एक गोष्ट लागते: दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, किंवा वार्षिक २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगांना ही मर्यादा ५० हजार आहे. दारिद्र्यरेषेची यादी म्हणजे २००२ च्या सर्वेक्षणातून तयार झालेली, तेरा निकषांवर गुण देऊन केलेली यादी. ती ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत असते. पिवळं कार्ड आहे पण त्या यादीत नाव नाही अशी घरं भरपूर आहेत, आणि उलटही. ग्रामसेवकांकडून यादीतला क्रमांक आणि गुण लिहिलेला दाखला घ्या, कारण छाननीत तोच बघतात. केंद्राचं इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन आणि कर्ता माणूस गेल्यावर मिळणारी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेची २० हजारांची मदत, या दोन्हींना ही यादीच आधार आहे.

२१ हजार या आकड्यावर एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. महिन्याला हे १७५० रुपये होतात. राज्यात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. एखाद्या विधवेने शंभर दिवस हमीच्या कामावर मजुरी केली तर ३१,२०० होतात, म्हणजे सरकारी कामावर राबल्याने ती सरकारच्याच निराधार योजनेच्या मर्यादेबाहेर जाते. हा आकडा कधीच बदलायला हवा होता.

शाळाप्रवेशाच्या २५ टक्के राखीव जागांवर उत्पन्नाच्या गटातून अर्ज करायचा असेल तर १ लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखलाच लागतो, केशरी कार्ड त्याच्या जागी चालत नाही. पत्त्याच्या पुराव्यात मात्र रेशनकार्ड घेतलं जातं. गंमत अशी की केंद्राच्या २०१५ च्या सार्वजनिक वितरण नियंत्रण आदेशात रेशनकार्ड ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरू नये असं म्हटलंय.

आणि जिथे कार्ड मागायचंच नाही, अशीही अन्नमदत आहे. अंगणवाडीतला आहार गरोदर आणि स्तनदा मातांना व सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना मिळतो. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. शिवभोजन थाळी दहा रुपयांत कुणालाही आहे. यातल्या कुठे कुणी रेशनकार्ड मागितलं तर तशी अट नाही हे ठामपणे सांगा.

उत्पन्नाचे आकडे एकमेकांवर आपटतात तेव्हा

आता आकडे एका ओळीत मांडून बघा: २१ हजार, ४४ हजार, ५९ हजार, १ लाख, अडीच लाख. एकाच कुटुंबाला वेगवेगळ्या अर्जांत यातल्या वेगवेगळ्या मर्यादांखाली बसायचं असतं. प्राधान्य वर्गासाठी ४४ हजारांचं हमीपत्र दिलेलं, आणि पुढच्याच महिन्यात मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दोन लाखांचा दाखला काढलेला, हे सर्रास चालतं. पूर्वी दोन कागद दोन कार्यालयांत पडून राहत, आता सगळ्याला आधार जोडलेला आहे. कार्डांच्या तपासणीत १ लाखापेक्षा जास्त उत्पन्न निघालं तर पिवळं किंवा केशरी रद्द होऊ शकतं. रंग गेला की त्यावर उभ्या असलेल्या योजनाही डळमळतात.

म्हणून एक शिस्त पाळा. वर्षात उत्पन्नाचा दाखला एकदाच काढा, खरा काढा, आणि सगळीकडे तोच लावा. उत्पन्न खरोखर वाढलं असेल तर धान्याचा हक्क सोडण्याचा अर्ज स्वतःहून देणं बरं. वर्गातून बाहेर पडलात तरी फुले योजनेचं कवच कार्डावर कायम राहतं, हे लक्षात घेतलं की भीती निम्मी होते.

योजना एकमेकींना कापतातही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या नमो शेतकरी सन्मान योजनेचा लाभ घेणाऱ्या महिलेला लाडकी बहीणमधून फरकाचे ५०० रुपयेच मिळतात. त्यामुळे निराधार अनुदान चालू असलेल्या बाईने दोन्हीकडे नाव ठेवू नये. वसुली निघाली तर तिलाच निस्तरावी लागते.

नाव चढवणं आणि उतरवणं

सगळ्यात जास्त अडचण होते ती सुनेची. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डात चढलेलं नाही, आणि मधल्या काळात ती गरोदर. तिचं धान्य बंद, आयुष्मानच्या यादीत नाव नाही, फुले योजनेत अडचण. माहेरी नाव कमी करण्याचा अर्ज नमुना ९ चा, सासरी चढवण्याचा नमुना ८ चा. लग्न झालं की दोन्ही एकापाठोपाठ द्या, माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला जपून ठेवा, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून घ्या. बाळ झाल्यावर जन्मदाखल्यावर त्याचंही नाव चढवा. नवं कार्ड नमुना १ वर, दुरुस्ती नमुना १४ वर.

भाऊ वेगळे राहायला लागले की कार्ड विभक्त करायची घाई होते. करण्याआधी विचारून घ्या, कारण नव्या कार्डाला जुन्याचा वर्ग आपोआप मिळेल असं धरून चालता येत नाही. प्रत्येक तालुक्याला आणि शहराला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त संख्या, ठरलेला असतो. तो भरलेला असेल तर पात्र असूनही बिगर-प्राधान्य कार्ड हातात पडतं आणि नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. अर्जाची पोच मात्र घ्याच. जागा रिकामी झाल्यावर तुमचा अर्ज कधीचा आहे हे त्यावरूनच दाखवता येतं. एकाच घरात, एकाच चुलीवर दोन कार्डं चालत नाहीत, चौकशीत ते पकडलं जातं.

अंत्योदयासाठी वेगळा निकष आहे: भूमिहीन शेतमजूर, अल्पभूधारक, कारागीर, विधवा किंवा दिव्यांग कुटुंबप्रमुख, दुर्धर आजारी, साठीपुढचे निराधार. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींची कुटुंबं थेट अंत्योदयाची हक्कदार आहेत. त्यांच्या पाड्यावर कुणाचं कार्ड बिगर-प्राधान्य दिसलं तर तो अर्ज पहिल्यांदा करण्यासारखा आहे.

कार्ड जिवंत ठेवा

कार्डातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, हवं. दुकानात अंगठा देऊन किंवा 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर चेहरा दाखवून ते होतं. ज्याचं राहिलं त्याचं युनिट, म्हणजे त्याच्या वाट्याचं धान्य, अडकतं. २०२५ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय होतं, आणि तीन महिन्यांत प्रत्यक्ष चौकशी करून निर्णय घ्यायचा असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं. बीडचं कार्ड कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या दुकानातही चालतं. एक देश एक रेशनकार्डाची सुरुवात २०१९ मध्ये झाली, तेव्हा महाराष्ट्र-गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक होती. कोयत्यावर गेलेल्यांनी तिकडे आपला वाटा उचलला आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी इकडे आपला, तरी चालतं. फक्त कार्डाचा नंबर आणि अंगठा सोबत हवा.

नाही म्हणाले तर

तोंडी नकार घेऊ नका. "कोणत्या अटीत बसत नाही ते अर्जावर लिहून द्या" एवढं वाक्य पुरतं. बऱ्याचदा लिहायची वेळ आली की रंग आणि वर्ग यांची गल्लत झालेली समोर येते. लोकसेवा हक्क कायद्याखाली रेशनकार्डाच्या सेवांना मुदत आहे. ती उलटली तर त्याच विभागाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. धान्याची तक्रार १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्याने भागलं नाही तर अन्नसुरक्षा कायद्यातल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, आणि त्यावर राज्य अन्न आयोग. अर्जासोबत कार्डाच्या पहिल्या आणि नावांच्या पानाची प्रत, ऑनलाइन नोंदीची छापील प्रत, आणि आधीच्या अर्जाची पोच जोडा.